४१ किलोमीटरवरचे जिवाणू आले कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे: २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा खाली आणली, तिच्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, अतिनील किरणांपुढे त्या आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त टिकतात, आणि या प्रयोगामागे जयंत नारळीकरांसारखा माणूस होता. एवढं असूनही हे जीव अवकाशातून आले असं कुणी ठामपणे का म्हणत नाही? कुणी काही दडवतंय का?

दडवलेलं काहीच नाही. इस्रोने मार्च २००९ मध्ये निकाल जाहीर केला, त्याच वर्षी तिन्ही प्रजातींचं वर्णन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं या प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोनेच आपल्या निवेदनात लिहिलं होतं. मी गेली बरीच वर्षं माती, पाणी आणि हवेतून जिवाणू वेगळे करून त्यांची ओळख पटवण्याचं काम करते. जिवाणू सापडणं हा या कामातला सोपा भाग. सापडलेला जिवाणू मुळात कुठला, हे ठरवताना घाम फुटतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या भागात आहे.

आधी प्रयोगाबद्दल सांगते, कारण तो होता फार सुंदर आणि बातम्यांमध्ये त्याची कारागिरी हरवून गेली. नारळीकर केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी. हॉइल आणि त्यांचे सहकारी खगोलशास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंच्या धुळीबरोबर पृथ्वीवर आली आणि आजही पडत आहेत. बहुतेक शास्त्रज्ञांनी ही कल्पना उडवून लावली. नारळीकरांचा आग्रह असा की उडवून लावण्यापेक्षा तपासून पाहा. जीव वरून पडत असतील तर जमिनीवरची धूळ सहसा पोचत नाही अशा उंचीवर ते सापडायला हवेत. कल्पना खरी की खोटी हा पुढचा प्रश्न. ती तपासता येईल अशा रूपात मांडणं हेच मोठं काम होतं.

२००१ च्या जानेवारीत पहिलं उड्डाण झालं आणि एप्रिल २००५ मध्ये दुसरं. बलून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून सुटलं. आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट, खाली टांगलेलं सामान ४५९ किलो. त्या सामानात स्टेनलेस स्टीलच्या १६ निर्जंतुक, आतून हवा काढून घेतलेल्या नळ्या होत्या आणि त्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या.

निऑन का? ४० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण साडेतीनशेवा भाग असतो. तिथे नुसतं झाकण उघडलं तर नळीत येणारी हवा नगण्य. पण द्रवरूप निऑनचं तापमान उणे २४६ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. त्या थंडीत नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही गोठतात. नळीत शिरलेली हवा भिंतीवर गोठते, आत पुन्हा पोकळी तयार होते, ती आणखी हवा ओढून घेते. एकही हलता भाग नसलेला पंप झाला हा. पंपात तेल नाही, पंखा नाही, म्हणजे त्यातून घाण शिरण्याची वाटही नाही. ज्याने कधी अत्यल्प जिवाणू असलेला नमुना हाताळला आहे त्याला या रचनेचं मोल लगेच कळेल.

२० ते ४१ किलोमीटरमधल्या वेगवेगळ्या उंचीवर नळ्या भरल्या, पॅराशूटने खाली आल्या, आणि नमुने दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले: हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि पुण्याची एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र). एकूण मिळालं काय, तर जिवाणूंच्या १२ कॉलनी (प्रयोगशाळेतल्या प्लेटवर वाढलेले पेशींचे ठिपके) आणि बुरशीच्या ६. त्यातल्या नऊ कॉलनी आधीच माहीत असलेल्या प्रजातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन जिवाणू मात्र नवे ठरले. एकाला हॉइल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली नाव दिलं, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस, तिसऱ्याला आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय.

आता एकेक दावा घेऊ.

प्रजाती नवी आहे, म्हणून ती परकी आहे? नाही. आपल्या गल्लीत अनोळखी माणूस दिसला म्हणून तो परदेशी ठरत नाही, आपण गल्लीतल्या फारच थोड्यांना ओळखतो एवढंच त्यातून कळतं. चिमूटभर मातीतले बहुसंख्य जिवाणू आजही बिननावाचे आहेत. चांगल्या लॅबमध्ये दर वर्षी नव्या प्रजाती सापडतात आणि त्यांचं रीतसर वर्णन करायला वेळ पुरत नाही. अवकाशाशी संबंधित एक उदाहरण सांगते. नासाचं फिनिक्स यान मंगळाकडे निघण्यापूर्वी फ्लोरिडात ज्या स्वच्छ कक्षात होतं, तिथल्या जमिनीवरून एक जिवाणू मिळाला. तोच दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानातल्या कुरू इथल्या स्वच्छ कक्षातही मिळाला. दोन ठिकाणांमध्ये हजारो किलोमीटर अंतर. २०१३ मध्ये त्याला टर्सिकॉकस फिनिसिस असं नाव दिलं गेलं. प्रजाती नवी, एवढंच काय, जातही (जीनस, म्हणजे प्रजातींच्या वरचा गट) नवी. पण तो मंगळावरून आला असं कुणी म्हटलं नाही. त्या कक्षांत इतकी धुलाई आणि इतकी उपासमार असते की नेहमीचे जिवाणू तिथे तगत नाहीत, आणि एरवी गर्दीत न दिसणारा हा चिवट जीव उठून दिसतो.

बलूनवरच्या त्या तिघांचं पुढे काय झालं, हे बातम्यांत सहसा येत नाही. बॅसिलस इस्रोनेन्सिस काही वर्षांनी सॉलिबॅसिलस या जातीत हलवला गेला. आर्यभट्टाय नंतर ठिकठिकाणच्या शेतांत, पिकांच्या मुळांलगतच्या मातीत सापडत गेला, आणि आज वनस्पतींच्या वाढीला मदत करणारा जिवाणू म्हणूनच त्याच्यावर जास्त काम होतं. २०१९ मध्ये तर जनुकसंचांची तुलना करून काही संशोधकांनी दाखवलं की ही वेगळी प्रजाती नसून १८८४ मध्ये वर्णन झालेला बॅसिलस मेगाटेरियमच आहे. यावर वर्गीकरणवाल्यांचा वाद चालतो, तो चालू द्या. आपल्या प्रश्नापुरतं इतकं पुरे की त्याचे सख्खे नातलग मातीत भरपूर आहेत.

दुसरा दावा अतिनील किरणांचा. तिन्ही जिवाणू आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांत जास्त तगतात, हे खरं आहे. पण याचा अर्थ लावताना आपण घाई करतो. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू ५,००० ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) इतका किरणोत्सर्ग सहज पचवतो. माणसाला ५ ग्रे जिवावर बेततात. १९५६ मध्ये तो सापडला कुठे, तर किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात. पृथ्वीवर एवढा किरणोत्सर्ग निसर्गतः कुठेच नाही, मग ही ताकद आली कुठून? आज सर्वात पटणारं स्पष्टीकरण कोरडेपणाचं आहे. पूर्ण वाळलेल्या पेशीतही डीएनएचे तुकडे होतात. वाळून पुन्हा जगण्याची ज्याची तयारी असते, त्याच्याकडे तुकडे जोडण्याची यंत्रणा तयार असते, आणि तीच किरणोत्सर्गातही कामाला येते. म्हणजे वाळवंटात किंवा उन्हाळी ढेकळात घडलेला जीव अवकाशासाठी बनवल्यासारखा दिसू शकतो. शिवाय आपल्याकडच्या लोणारच्या क्षारयुक्त पाण्यातही असले जगावेगळे जीव राहतात. जून २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं: मीठ सोसणारे हॅलोआर्किया.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा निवडीचा आहे. समजा जमिनीवरून हजार प्रकारचे जिवाणू वर गेले. ओझोनच्या थराच्या वर सूर्याचा अतिनील मारा जवळजवळ गाळणीशिवाय येतो. जे कमकुवत असतात ते वाटेतच मरतात. खाली आणून प्लेटवर ठेवल्यावर जे वाढतात, ते साहजिकच चिवट निघतात. आणि समजा ते अवकाशातून आले, तरीही ते चिवटच निघणार. दोन्ही कथा एकच गोष्ट भाकीत करत असतील तर त्या गोष्टीने कुठल्याच कथेची बाजू पक्की होत नाही. विद्यार्थी पुरावा घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते: तुझं म्हणणं खोटं असतं, तर हे निरीक्षण वेगळं आलं असतं का?

आता नातं. या जिवाणूंची ओळख १६एस या जनुकावरून पटवली गेली. डीएनएच्या साधारण दीड हजार अक्षरांचा हा मजकूर प्रत्येक ज्ञात जिवाणूत असतो आणि तो वाचण्यासाठी वापरायचे प्रायमर (मजकुराच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) पृथ्वीवरच्या जिवाणूंच्या मजकुरावरून बनवलेले असतात. प्रायमर चिकटले, मजकूर वाचता आला, आणि तो जॅनिबॅक्टर किंवा बॅसिलसच्या घराण्यात बसला. स्वतंत्रपणे उगम पावलेल्या परक्या जीवसृष्टीत हेच जनुक, याच चार अक्षरांत, इतकं जुळतं असण्याची अपेक्षा मला नाही. यावर हॉइल यांच्या बाजूचं उत्तर तयार आहे: पृथ्वीवरची जीवसृष्टीच मुळात वरून आली, म्हणून नातं दिसणारच. तर्काला हे धरून आहे. पण मग जनुकांच्या जुळण्याचा पुरावा दोन्हीकडून बाद होतो, आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

उरला उंचीचा मुद्दा, आणि मला विचाराल तर या सगळ्यात तोच सर्वात दमदार आहे. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, कण विरळ हवेत भराभर खाली येतो. ४० किलोमीटरवर हिशोब केला तर तो दिवसाला शंभर मीटरहून जास्त घसरतो, म्हणजे काही महिन्यांत खालच्या थरांत जाईल. तरीही तो तिथे सापडत असेल तर कुणीतरी त्याचा पुरवठा सतत करत असलं पाहिजे, खालून किंवा वरून. वरून पुरवठा होतो यात शंका नाही, पृथ्वीवर रोज टनावारी अवकाशधूळ पडते. प्रश्न तिच्यात जीव असतात का हा आहे. खालून जायचे मार्ग अवघड आहेत, पण बंद नाहीत. उष्ण कटिबंधातली मोठी वादळं ढगांच्या थराची १६-१७ किलोमीटरवरची सीमा ओलांडून वर मुसंडी मारतात. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळच्या समुद्रातल्या ज्वालामुखीने राख आणि समुद्राच्या पाण्याची वाफ ५७ किलोमीटरपर्यंत फेकली. त्या लोटात जिवंत पेशी होत्या असं मी म्हणत नाही. जमिनीवरचं द्रव्य इतकं वर जाऊ शकतं, एवढंच त्यातून दिसतं. १९७८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी हवामान रॉकेटांनी ४८ ते ७७ किलोमीटरवरून नमुने आणल्याचं छापलं. त्यांना काय मिळालं? ॲस्परजिलस नायजर, म्हणजे ओल्या कांद्यावर दिसते ती काळी बुरशी, आणि पेनिसिलियम. २००१ च्या हैदराबादच्या उड्डाणातल्या नमुन्यांतून इंग्लंडमध्ये जे वाढलं तेही ओळखीचंच होतं: बॅसिलस सिम्प्लेक्स, स्टॅफिलोकॉकस पाश्चरी आणि एक बुरशी.

ही नावं वाचून माझ्यासारखीच्या मनात दुसरी शंका येते, ती म्हणजे कंटॅमिनेशन, म्हणजे नमुन्यात इथलेच जिवाणू नंतर शिरणं. या क्षेत्राच्या इतिहासाने आम्हाला सावध केलं आहे. सर्व्हेयर ३ हे यान एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी त्याचा कॅमेरा काढून परत आणला, आणि आतल्या फोमच्या तुकड्यातून स्ट्रेप्टोकॉकस मायटिस हा माणसाच्या तोंडात राहणारा जिवाणू वाढला. अडीच वर्षं चंद्रावर तगलेला जीव म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे २०११ च्या सुमारास जुनी छायाचित्रं, नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की नमुना हाताळताना आजच्या मापाने पुरेशी काळजी घेतली नव्हती, आणि जिवाणू बहुधा प्रयोगशाळेतच चिकटला होता. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, जपानच्या हायाबुसा २ यानाने र्‍यूगू या लघुग्रहावरून आणलेल्या एका कणावर ब्रिटिश संशोधकांना सूक्ष्मजीवांचे धागे दिसले. काही आठवड्यांत धाग्यांची संख्या वाढली, मग घटली. ही इथल्या जिवाणूंच्या वाढीची ओळखीची चाल. कण नायट्रोजनमध्ये सांभाळला होता, पण तपासणीसाठी हवेत काढल्यावर इथल्या जिवाणूंनी तो बघता बघता बळकावला.

हैदराबादच्या गटाने काळजी घेतली होती. नळ्या निर्जंतुक होत्या, तुलनेचे नमुने (कंट्रोल) होते, दोन संस्था वेगळ्या काम करत होत्या, आणि जीव स्ट्रॅटोस्फिअरमधूनच (वातावरणाच्या त्या उंच थरातूनच) आले याबद्दल त्यांना विश्वास वाटत होता. तो विश्वास मला रास्त वाटतो. तरीही एकूण कॉलनी अठरा. संख्या इतकी लहान असली की एका झाकणाच्या आट्यात अडकलेला एक बीजाणूसुद्धा (सूक्ष्मजीवाचं झोपलेलं, चिवट रूप) निकाल हलवू शकतो. आमच्याकडे डीएनए काढायच्या विकतच्या किटमध्येही रालस्टोनिया, ब्रॅडिरायझोबियमसारख्या जिवाणूंचा डीएनए सापडतो. नमुन्यात जिवाणू भरपूर असतील तर तो दबून जातो, नमुना जवळजवळ रिकामा असेल तर तोच निकाल म्हणून समोर येतो. म्हणून नमुना न घालता नुसतं किट चालवून (ब्लँक) पाहिल्याशिवाय कुठलाही निकाल मी वाचत नाही.

मग पक्का पुरावा कसा असेल? समस्थानिकांचा. कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण सूर्यमालेत ठिकठिकाणी वेगळं असतं. धूमकेतूवर किंवा मंगळावर घडलेल्या पेशीत तिथलं प्रमाण असेल. इथे एक पेच आहे, आणि त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. जिवाणू जिवंत आहे हे दाखवायला आपण त्याला प्लेटवर वाढवतो. वाढताना तो आपण दिलेल्या पोषक मिश्रणातला कार्बन खातो. एका पेशीच्या २० पिढ्या झाल्या की १० लाखांहून जास्त पेशी होतात, आणि मूळ पेशीचे अणू त्यांत दहा लाखांत एक उरतात. आपण बघतो ती कॉलनी साखर, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) आणि प्रयोगशाळेच्या पाण्याची बनलेली असते. जिवंतपणा सिद्ध करणारी कृतीच मूळ गावाचा दाखला पुसून टाकते. हॉयली, इस्रोनेन्सिस आणि आर्यभट्टाय आज कल्चर कलेक्शनमध्ये (जिवाणूंच्या संग्रहालयांत) जिवंत आहेत, कुणीही संशोधक मागवू शकतो. पण त्यांच्या आजच्या पेशींकडून उगमाबद्दल काही कळणार नाही. ती संधी प्लेट उबवणीला ठेवली त्या दिवशीच गेली.

जीव अवकाशात तग धरू शकतात का, याचं उत्तर मात्र होकारार्थी आहे, म्हणून मी पॅनस्पर्मियाला (जीवसृष्टीची बीजं अवकाशातून आली या कल्पनेला) हसत नाही. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू १९८४ ते १९९० अशी जवळपास सहा वर्षं पृथ्वीच्या कक्षेत राहून, अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेले, जिवंत परतले. जपानच्या टॅनपोपो प्रयोगात डायनोकॉकसच्या वाळवलेल्या थराने अवकाश स्थानकाबाहेर तीन वर्षं काढली. अर्धा मिलिमीटर जाडीच्या थरात वरच्या पेशी मेल्या आणि त्यांच्या आडोशाने खालच्या वाचल्या. मंगळ ते पृथ्वी असा खडकाच्या पोटातला प्रवास मला अशक्य वाटत नाही. ताऱ्याताऱ्यांमधल्या लाखो वर्षांच्या प्रवासाबद्दल मला तेवढी खात्री वाटत नाही, कारण तितक्या काळात साठणारा किरणोत्सर्गाचा डोस झोपलेल्या बीजाणूला दुरुस्त करता येत नाही.

उलट दिशेची वाहतूक तर आपण स्वतःच चालवली आहे. २०१७ मध्ये अवकाश स्थानकाच्या हवा गाळणाऱ्या फिल्टरमधून मिळालेल्या जिवाणूला डॉ. अब्दुल कलाम यांच्यावरून सॉलिबॅसिलस कलामी नाव दिलं गेलं. इस्रोनेन्सिस ज्या जातीत गेला, तीच ही जात. अवकाशातला नवा जीव म्हणून बातम्या झळकल्या, पण तो इथूनच, माणसांबरोबर किंवा सामानाबरोबर गेलेला होता.

मंगळावरची पर्सिव्हिअरन्स बग्गी याचा विचार करूनच पाठवली आहे. तिच्याकडे ४३ नळ्या आहेत आणि त्यांतल्या ५ साक्षीदार नळ्या आहेत. त्यांत मंगळाचा खडक भरायचा नाही. नमुने घेतात त्याच परिसरात त्या उघडायच्या आणि पुन्हा बंद करायच्या, म्हणजे यानानेच सोबत नेलेली घाण काय आहे याची नोंद राहते. उद्या नमुन्यात काही सापडलं तर आधी साक्षीदार नळीत तेच आहे का ते पाहता येईल.

हैदराबादहून असं उड्डाण पुन्हा व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि झालं तर त्याची रचना अशी असावी. २० ते ४१ किलोमीटरमध्ये प्रत्येक थराला किमान दोन नळ्या उघडाव्यात, आणि तितक्याच नळ्या तीच सगळी यात्रा करून न उघडता परत आणाव्यात. वर जाताना आणि खाली येताना वेगळे नमुने घ्यावेत, कारण बलूनच्या कापडावरून झडणारी धूळ या दोन वेळी सारखी नसते. जीव खालून येत असतील तर उंचीबरोबर संख्या घटत जायला हवी. वरून पडत असतील तर तशी घट दिसायचं कारण नाही. आणि प्रत्येक नळीतला अर्धा ऐवज प्लेटवर न लावता गोठवून ठेवावा, म्हणजे एकेका पेशीतले समस्थानिक मोजणाऱ्या उपकरणाखाली तो न वाढवता नेता येईल.